दिनू कुठवर आला?

इंदूआत्यानं कुणाला माफ केल्याचं मला आठवत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ती गेल्यावर तिच्या जोहे गावात जो तो तिला मायाळू म्हणायला लागला. माझी ती सख्खी नव्हे, सगळ्यांचीच आत्या. मायाळू ती होतीच. पण चुकलेल्या माणसाला ती सोडत नसे. घाई करायची नाही, आवाज चढवायचा नाही. वेळ आली की बरोबर त्याच मापाचं परत द्यायचं, असा तिचा हिशेब होता.

माझं पेणमध्ये पार्सल बुकिंगचं ऑफिस आहे. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतल्या परदेशी जाणाऱ्या गणपतीच्या मूर्ती माझ्याकडून जातात. मोठा माल उन्हाळ्यात बोटीनं निघतो, उशिराच्या ऑर्डरी विमानानं. भादव्याच्या आधीचे तीन महिने मी माणूस नसते, एक चालती-बोलती यादी असते. खोकं, कापूस, पत्ता, वजन, विमान. इंदूआत्या मला म्हणायची, "रेखा, तू मेलीस की यमाला आधी दारात उभा करशील नि त्याच्या रेड्याचं वजन घेशील."

ती आखणी करायची. मूर्तीचे डोळे रेखाटण्याला आमच्याकडे आखणी म्हणतात. ते सगळ्यात शेवटचं काम. साचा, घासकाम, रंग, दागिने सगळं होतं आणि तरी मूर्ती मातीच वाटते. डोळे काढले की ती तुमच्याकडे बघायला लागते. इंदूआत्याचा नवरा लवकर गेला, कारखाना दीर बघायचा, पण गिऱ्हाईक यायचं ते तिच्या हाताच्या डोळ्यांसाठी. खिडकीपाशी पाट टाकून ती मांडी घालून बसायची. पदर कमरेला खोचलेला, तोंडात पान. ब्रश उचलला की पानही चघळायची थांबायची. त्या वेळी कुणी दारात उभं राहिलेलं तिला चालत नसे. "उजेड अडवू नको. आत ये नायतर चालता हो."

अंतर ती पानात मोजायची. जोह्याहून पेण म्हणजे एक पान. पेणहून रोहा, तिचं माहेर, म्हणजे तीन पानं, आणि वडखळच्या नाक्यावर गाड्या अडकल्या तर चार. माझ्या ऑफिसात जगाचा मोठा नकाशा आहे. पहिल्यांदा आली तेव्हा त्याच्यापुढं बराच वेळ उभी राहिली आणि मला विचारलं, "माझे गणपती यात कुठकुठं गेलेत, बोट ठेव." मी बोट ठेवत गेले. तिनं शेवटी विचारलं, "नि यांना पोचायला किती पानं लागतात?"

तिच्या हिशेबाचा एक नमुना देते. एकदा एसटीच्या कंडक्टरनं तिला जोह्याच्या फाट्यावर उतरवलं नाही. ती ओरडत राहिली, हा गप्पा मारत राहिला, आणि वर म्हणाला, "पुढच्या थांब्याला उतरा नि या चालत, म्हातारीला व्यायाम होईल." ती तेव्हा चाळिशीचीही नव्हती. उतरली, भर दुपारी चालत मागं आली. त्या कंडक्टरच्या घरचा गणपती त्यांच्याच कारखान्यातला असायचा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तो पाट घेऊन आला तर मूर्ती जाग्यावर नाही. इंदूआत्या आखणी करता करताच म्हणाली, "तुमचा बाप्पा पुढच्या थांब्याला ठेवलाय. आणा चालत." खरंच ठेवला होता, थांब्यापाशी एका ओळखीच्या घरात, नीट पाटावर, वर स्वच्छ फडकं टाकून. देवाची आबाळ तिनं कधी केली नाही. कंडक्टर मूर्ती डोक्यावर घेऊन त्याच फाट्यावरून परत गेला तेव्हा कारखान्यातल्या पोरी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या दिवशी तिनं उजेड अडवू दिला.

तिचा धाकटा भाऊ दिनू. रोह्याजवळच्या एका कंपनीत नोकरीला होता, तिथून अमेरिकेत गेला, न्यूअर्क नावाच्या विमानतळाजवळच्या गावात राहायला लागला. आई रोह्यात एकटी. इंदूआत्या आठवड्यातून दोनदा जाऊन यायची, डबे भरून ठेवायची. दिनूचा फोन शेजारच्यांकडे यायचा. "माझा दिनू," एवढंच ती म्हणायची. तिच्या तोंडी तेवढंच पुष्कळ होतं.

मग आईनं अंथरूण धरलं. डॉक्टरांनी सांगितलं, ज्याला बोलवायचं त्याला बोलवा. इंदूआत्या माझ्या ऑफिसात आली, फोन लावला. दिनू म्हणाला, "निघालोच समज ताई. आईला सांग, येतोय."

फोन ठेवून ती नकाशापुढं उभी राहिली.

"रेखा, तिथनं मुंबई किती लांब?"

"साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास."

"येळ किती लागंल ते सांग."

मी सांगितलं. थेट विमान असतं तर सोळा तास. मधे उतरून, विमान बदलून, वीस-बावीस. विमानतळावरून रोहा गाडीनं चार तास.

"मधे काय काय लागतं?"

"म्हणजे?"

"अगो थांबे. एसटीला नाय का पेण, वडखळ, नागोठणा. तसं वर काय लागतं?"

मला कामं होती, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून उठले. नकाशावर बोट फिरवलं. आधी नुसतं पाणी, खूप वेळ पाणी. मग लंडन. तिथं विमान बदलायचं. मग तुर्कस्तान, इराण, पुन्हा थोडं पाणी, मुंबई. तिनं एकदाच ऐकलं आणि निघाली. मला वाटलं, चौकशी करून गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी रोह्याला भेटायला गेले. म्हातारी खाटेवर, हाताची काडी झालेली, पण शुद्ध स्वच्छ. इंदूआत्या उशाशी. मी जाऊन बसते न बसते तोच म्हातारीनं विचारलं, "इंदे, दिनू कुठवर आला?"

"लंडनला उतरलाय, आये. विमान बदलतोय."

"जेवला का?"

"जेवला. विमानात देतात."

म्हातारीनं डोळे मिटले. मी इंदूआत्याकडे बघितलं. ती मला दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "त्याचा फोन नाय आला अजून. निघाला असंल. नाय का?"

मी म्हटलं, निघाला असेल.

त्या रात्री मी रोह्यातच मुक्काम केला. सकाळी दिनू इराणवर होता. दुपारी मुंबईत उतरला. सामान यायला वेळ लागतो, इंदूआत्यानं आईला सांगितलं. ते मीच तिला कधीतरी बोलता बोलता सांगितलेलं होतं. मग पनवेल. मग पेण. प्रत्येक थांब्याला म्हातारी काहीतरी विचारायची आणि पुढच्या थांब्यापर्यंत श्वास धरून ठेवायची. वडखळ म्हटल्यावर तर ती चक्क चिडली.

"तिथं गाडी अडकतेच मेली! त्याला म्हणावं, हॉटेलात बसू नको. सरळ ये."

"सांगितलं गो आये. निघाला तिथनं."

"आता?"

"नागोठणा."

"आता?"

इंदूआत्यानं तोंड उघडलं आणि काही बोलायच्या आत थांबली. विचारणारी गेली होती. नागोठणं ते रोहा अंतर एका पानाचं.

दिनू आला नाही. चौथ्या दिवशी फोन आला. त्याचं म्हणणं, विमानतळापर्यंत गेलो होतो, विमान चुकलं, मग बातमी कळली, म्हणून मागं फिरलो. "चार दिवस तरी लागतात गं ताई तिथून यायला. काही झालं तरी मी पोचलोच नसतो." अग्नी इंदूआत्यानं दिला.

मी तिला सांगितलं, चार दिवस लागत नाहीत. तिनं मलाच झापलं. "तुझं गणित खोक्यांचं आहे. खोकी कुठं तिकिटासाठी ताटकळतात? माणसाला शंभर भानगडी असतात." तिला तो खरा हवा होता. ती त्याला खरा ठरवण्यासाठी किती आटापिटा करत होती हे मला दिसत होतं. माझ्याकडे आली की कुणा ना कुणाचं विमान चुकल्याची गोष्ट मुद्दाम विचारून घ्यायची.

हिवाळ्यात रोह्यातल्या त्याच्या शाळेनं माजी विद्यार्थ्यांचा सत्कार ठेवला. ठरलेले पाहुणे ऐनवेळी आजारी पडले आणि त्यांच्या जागी दिनू येणार असं कळलं. इंदूआत्या मला बरोबर घेऊन गेली. इस्त्रीची साडी, केसात अबोलीचा गजरा. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो.

दिनू चांगला बोलायचा. शाल, नारळ घेऊन माईकपुढं आला आणि हसत म्हणाला, "जग किती जवळ आलंय बघा. शुक्रवारी सकाळी मला सरांचा फोन आला. संध्याकाळी विमानात बसलो. आज रविवार, आणि मी तुमच्यासमोर उभा आहे! मनात आणलं की झालं. अंतर वगैरे आता काही उरलेलं नाही."

टाळ्या पडल्या. इंदूआत्यानंही वाजवल्या. बाकीचे थांबले तरी ती वाजवत होती. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं मागं वळून बघितलं. मी तिचा हात धरून खाली घेतला.

कार्यक्रम संपल्यावर दिनू खाली आला, ताईच्या पाया पडला. आईचा विषय त्यानंही काढला नाही, तिनंही नाही. तो म्हणाला, "ताई, तिथल्या आमच्या मंडळाचा यंदा मी अध्यक्ष आहे. तुझ्या हातचा गणपती हवा. तीन फुटी. मोठमोठे लोक येणार आहेत. विमानानं पाठव."

"पाठवते की. विमानानं किती दिवस लागतात रे?"

"दिवस कसले! तास म्हण."

"व्हय," इंदूआत्या म्हणाली. "तास."

परतीच्या वाटेवर एसटीत तिनं पान लावलं नाही. नागोठणं आलं तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "शिव्या नाय घालणार मी त्याला. शिव्या तर कुणी पण घालतं."

ती मूर्ती तिनं सहा महिने मनात घडवली असावी. श्रावणात जोह्याला गेले तर ती तयार होऊन कोपऱ्यात उभी होती. सोनेरी किरीट, जांभळं पितांबर, नखांवर गुलाबी झाक. पोरींनी जीव ओतला होता. तोंडावर लाल फडकं बांधलेलं. आमच्याकडे मूर्ती घरी नेताना तोंड झाकूनच नेतात, स्थापनेच्या वेळी उघडतात, त्यामुळे त्यात वेगळं काही नव्हतं. पण मी माल तपासल्याशिवाय खोकं बंद करत नाही. फडकं वर केलं. भुवयांखाली दोन पांढऱ्या, स्वच्छ जागा होत्या.

मी तिच्याकडे बघितलं. ती पाटावर बसून दुसऱ्याच एका मूर्तीचा डोळा काढत होती. तिनं ब्रश खाली ठेवल्यावर मी म्हटलं,

"आत्या, ही राहिलेय."

"राहिली नाय. ठेवलेय."

"आणि पूजा? तिथल्या लोकांनी काय करायचं?"

तिनं पाटामागून एक वीतभर मूर्ती काढून माझ्या हातात दिली. पूर्ण. इतके सुंदर डोळे मी तिच्या हातचे पुन्हा पाहिले नाहीत. "पूजेची ही. देवाचं काय चुकलंय? मोठी आहे ती दिनूच्या फोटोसाठी."

मोठ्या खोक्यात तिनं आणखी दोन गोष्टी ठेवायला सांगितल्या: एक बारीक ब्रश आणि काळ्या रंगाची डबी.

आता माझा भाग सांगते. मूर्ती लवकर पाठवली असती तर दिनूनं कुणी चित्रकार गाठला असता. म्हणून विमान मी निवडलं. मालाच्या विमानाचे तास, तिथं उतरून सुटायला लागणारे दिवस, त्यांच्या सुट्ट्या, सगळं धरून असं बसवलं की खोकं चतुर्थीच्या अगदी तोंडावर त्याच्या दारात पडावं. इतकं चोख काम मी माझ्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकासाठीही केलेलं नाही. वरच्या कागदावर ठळक अक्षरात लिहिलं, 'तोंडावरचं कापड स्थापनेलाच सोडावे.' त्याबद्दल मला तेव्हा काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. म्हातारीचा तो "आता?" मी कानांनी ऐकला होता.

चतुर्थी दोन दिवसांवर आली. पेणमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. टेम्पोवर टेम्पो, हातगाड्या, डोक्यावर पाट घेतलेली माणसं. संध्याकाळी ऑफिसचा फोन वाजला. दिनू. फोटोवाल्याला उजेड बघायचा होता म्हणून त्यानं फडकं सोडलं होतं.

"ताई कुठंय? ताईला बोलवा! डोळे नाहीत मूर्तीला!"

इंदूआत्या जोह्यात नव्हती. ती दुपारपासून माझ्याच ऑफिसात बाकावर बसून होती. कशाला आलीस म्हणून मी विचारलं नव्हतं. मी रिसीव्हर तिच्या हातात दिला. दिनू इतका मोठ्यानं बोलत होता की मला टेबलाच्या या बाजूला सगळं ऐकू येत होतं.

"ताई, अगं आखणीच राहिलेय! परवा लोक येणार आहेत. आता मी काय करू?"

"थांबव लोकांना. म्हणावं, बहीण निघालेय."

"म्हणजे?"

"येतेय मी डोळे काढायला. लंडनला उतरलेय, विमान बदलतेय."

"ताई, ही थट्टेची वेळ नाही. तुझ्याकडे साधा पासपोर्ट तरी आहे का?"

"तुझ्याकडं होता."

इंदूआत्यानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"ताई, तेव्हा माझी सुट्टी... नवीन नोकरी होती..."

"शुक्रवारी बसलास नि रविवारी उभा राहिलास. शाल घ्यायला. मी तिसऱ्या रांगेत होते."

"मी आलो असतो तरी आई..."

"ती थांबली होती रे. सारखी विचारायची, कुठवर आला. मी सांगायची, लंडनला आला, मुंबईत आला, पेण सोडलं. मी तुला थांब्या थांब्यानं आणला. वडखळला तुझी गाडी अडकली तर चिडली तुझ्यावर. तू नागोठण्याला होतास तेव्हा ती गेली."

"तू... तिला असं सांगितलंस?"

"मग काय सांगू? घरी बसलाय म्हणून?"

बाहेर कुणीतरी टेम्पो मागं घेत होतं, दोन-तीन माणसं ओरडत होती. त्यातूनही मला दिनूचं रडणं ऐकू येत होतं. इंदूआत्या शांत उभी होती. आखणी करताना असायची तशी; पान तोंडात, पण जबडा हलत नव्हता.

"ताई, चुकलं माझं."

"व्हय, चुकलं. खोक्यात ब्रश नि काळा रंग ठेवलाय. तू काढ."

"मला नाही जमणार."

"मला पण नव्हतं जमत एकटीला," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या डोळ्यांचं पुढं काय झालं ते हिवाळ्यात कळलं. तिथून आलेल्या एका गिऱ्हाइकानं सहज सांगितलं की यंदा मंडळाच्या मोठ्या मूर्तीच्या कपाळावरून फुलांच्या माळा सोडल्या होत्या, चेहरा काही नीट दिसला नाही, लोकांनी छोट्या मूर्तीचंच फार कौतुक केलं. अध्यक्ष बाजूला उभे असायचे, फोटोत येत नव्हते. मी हे इंदूआत्याला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे ब्रश नाय उचलला त्यानं," आणि पुन्हा कामाला लागली. दिनूचे नंतर फोन यायचे. मी निरोप पोचवायची. ती कधी उठून फोनवर आली नाही. शेवटपर्यंत नाही.

त्यानंतरही ती काही वर्षं होती, मी तिला पुष्कळदा भेटले. आजारी पडलेली पाहिली, पांढरीफटक पाहिली. पण डोळे मिटले की मला दिसते ती त्या संध्याकाळची. फोन ठेवल्यावर तिनं माझ्या माठातलं पाणी घेऊन तोंड धुतलं, पदरानं पुसलं. मी म्हटलं, आत्या, जरा बस, चहा सांगते. ती म्हणाली, "बसू काय? जोह्यात पन्नास मूर्ती तशाच उभ्या आहेत." आणि गर्दीत घुसली. नाक्यावर एसटी मिळणं शक्यच नव्हतं. तिनं हमरापूरकडे रिकामा चाललेला एक टेम्पो हात करून थांबवला.

ड्रायव्हर ओळखीचा होता. वाकून म्हणाला, "काय गो आत्या, एवढी कसली घाई? सकाळी जायचं."

तिनं साडी आवरली, एक पाय फळीवर ठेवला आणि कुणाचा हात न घेता वर चढली.

"चल रे लवकर," ती म्हणाली. "पोरी वाट बघतायत."